सदूतात्यांची भांडणसेवा

सदूतात्या मयेकरांविषयी चार शब्द बोला, असं मला आजवर दोनदा सांगण्यात आलं. एकदा वाडीतल्या शोकसभेत आणि एकदा मंडळाच्या वर्धापनदिनाला. दोन्ही वेळा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा उत्तम होता. शोकसभेनंतर चहा पाणचट झाला म्हणून मी चांगला मोठ्याने बोललो, ते बऱ्याच जणांनी ऐकलं असणार. वाडीत माझ्या वयाला मान आहे, म्हणून कोणी काही म्हणालं नाही. आता मी ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. ज्या गोष्टीमुळे माझा घसा बसायचा ती वगळून तात्यांविषयी काही खरं सांगताच येत नाही, म्हणून बरीच वर्षं टाळलेलं काम आता करून टाकतो.

तात्या मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. सारी उमर समुद्रावर काढून ते निवृत्त झाले आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत, खालच्या आळीतल्या आपल्या घरी येऊन राहिले. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं, तर सुट्टी मिळाली नाही म्हणायचे.

घर बघण्यासारखं होतं. घरातली प्रत्येक वस्तू कशाला तरी बांधलेली होती. खुर्च्या भिंतीतल्या कड्यांना, डबे फळीला, कंदील खिळ्याला, आरसा तर चारी कोपऱ्यांनी. समुद्रात वस्तू घसरतात, ती सवय. आपण बसायला खुर्ची पुढे ओढावी तर ती वीतभर येऊन थांबायची आणि आपण अर्धे हवेत. ग्रामसेवक पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी जोर लावला आणि भिंतीतलं कडं हातात आलं. तात्या एवढंच म्हणाले की साहेब, वादळात अशीच जाते खुर्ची. घरात मोकळं असं एक मांजर होतं. त्याला स्वतःचा तोल सांभाळता येतो, असं तात्यांचं म्हणणं.

बोटीवरून त्यांनी दुसरी एक खोड आणली होती आणि पुढचं सगळं तिच्यातून घडलं. त्यांना थोड्या माणसांपुरतं शिजवता येत नसे. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. एका माणसाचा भात म्हणून तांदूळ घ्यायचे, आणि हात आपोआप अख्ख्या बोटीचा तांदूळ घ्यायचा. पहिला महिनाभर ते पातेली घेऊन घरोघर हिंडले. मग लोकांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी वाडीतल्या कॉलेजच्या पोरांना जेवायला बोलावलं. पोरं काय, आली. रोज यायला लागली. आठवड्याभराने एका पोराच्या वडिलांनी तात्यांना हटकलं की आमची मुलं भिकेला लागलीत काय. तात्यांना ते लागलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, फुकट जेवायचं नाय. जेवलात की वाडीचं काहीतरी काम करायचं.

अशी आमच्या वाडीत समाजसेवा सुरू झाली. इतर ठिकाणी पोरं आधी राबतात आणि मग त्यांना जेवण मिळतं. आमच्याकडे आधी सुरमईचं कालवण आणि दोन वाट्या भात, मग श्रमदान. पहिल्या दिवशी पऱ्ह्यातला, म्हणजे वाडीतल्या ओढ्यातला, गाळ काढायला गेलेली पोरं पऱ्ह्याच्या काठावर आडवी झाली आणि संध्याकाळी त्यांच्या आया त्यांना शोधत आल्या. दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी कालवणातलं खोबरं कमी केलं.

या पोरांत दोघांची नावं लक्षात ठेवावी लागतील. एक सायली, बारावी झालेली, गप्प आणि कामाची. दुसरा ओंकार. तो बोलताना अडखळायचा. इतका, की दुकानात जाऊन साबण मागण्याऐवजी तो बोटाने दाखवायचा आणि भलताच साबण घेऊन यायचा.

पऱ्ह्या साफ झाला, पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरचं गवत निघालं, तेव्हा तात्या म्हणाले की आता म्हाताऱ्यांकडे जा. आमच्या वाडीत म्हातारेच जास्त. मुलं मुंबईला, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येतात, घराचे फोटो काढतात आणि जातात. तर पोरांनी आजीआजोबांची विचारपूस करायची, असं ठरलं. पोरांनी ती कशी करतात हे मोबाईलवर पाहिलं होतं. शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा आणि हळू आवाजात विचारायचं, आजी, आज कसं वाटतंय? म्हाताऱ्यांना हे अजिबात सोसलं नाही. देवळाजवळच्या गुरवबुवांना वाटलं की डॉक्टरने आपल्यापासून काहीतरी लपवलंय आणि पोरांना कळवलंय. ते दोन दिवस पलंगावरून उठले नाहीत.

सायलीच्या वाट्याला काशीआत्या आली. वरच्या आळीत, पाखाडीच्या टोकाला तिचं घर. एके काळी ही बाई बोलायला लागली की खालच्या आळीतले कुत्रे भुंकायचे थांबत. पण गेले काही महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवणही नावाला. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. सायली रोज जायची, कसं वाटतंय विचारायची आणि भिंतीकडून उत्तर यायचं नाही. एक दिवस तिने आईने केलेली कुळथाची पिठी नेली. आत्याने एक घास खाल्ला आणि कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडून शब्द फुटला.

"ह्यात कोकम घातलंय होय?"

सायलीची त्या दिवशी परीक्षा होती, ऊन होतं आणि पाखाडी चढून तिचे पाय दुखत होते. ती म्हणाली, "आमच्यात घालतात. तुम्हाला माहीत नसेल."

आत्या उठून बसली. "मला माहीत नसेल?"

पुढचं मी माझ्या घरातून ऐकलं. माझं घर पाखाडीच्या मध्यावर. कोकम घातलेली पिठी ही पिठी नव्हे, ते सार झालं, असं एक बाजू म्हणत होती आणि बिनकोकमाची पिठी घशाखाली उतरत नाही, असं दुसरी. संध्याकाळी सायली रडत तात्यांकडे आली. मी तिथे त्या बांधलेल्या खुर्चीवर होतो. ती म्हणाली, मी आजींना उलटून बोलले, आता मी कामाला येणार नाही.

तात्यांनी विचारलं, "उठली का ती?"

"उठल्या."

"जेवली?"

"दोनदा. आधी स्वतः केली, मग मला दाखवायला परत केली."

तात्यांनी मांजराकडे बघितलं. मग म्हणाले, "मग उद्या परत जा. आणि कोकम सोडू नको."

मला त्यांनी नंतर समजावलं. बोटीवर कोण आजारी पडणार हे डॉक्टरच्या आधी स्वयंपाक्याला कळतं. जो चपाती कच्ची म्हणून शिव्या घालतो तो सुखरूप घरी जातो. जो वाढलेलं मुकाट्याने खातो आणि ताट ठेवून जातो, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. ह्या म्हाताऱ्यांना हात धरणारं कोणी नको, अप्पा. ह्यांना घरात भांडायला कोणी उरलं नाय.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, वाडीच्या विकास मंडळाचा चिटणीस. मला ते हास्यास्पद वाटलं आणि मी तसं सांगितलं. तात्या माझ्याशी त्यावर तासभर भांडले. घरी येताना मला भूक लागली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग रीतसर भांडणसेवा सुरू झाली. प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक पोर. रोज जायचं, काहीतरी खुसपट काढायचं, आपली बाजू लावून धरायची. तात्यांचे नियम मात्र कडक होते. सातबारा, मुलगे-सुना आणि मेलेलं माणूस, ह्यांच्यावर बोलायचं नाही. बाकी जगात काहीही. आवाज म्हाताऱ्यापेक्षा एक पट्टी खाली. आणि भांडण कधी संपवून यायचं नाही. अर्ध्यात उठायचं, क्लास आहे म्हणून सांगायचं आणि निघायचं. उरलेलं भांडण म्हातारं रात्रभर जुळवत बसतं आणि सकाळी त्यासाठी उठतं.

समाजमंदिरात तात्या पोरांची तालीम घ्यायचे. स्वतः म्हातारा होऊन बसायचे आणि समोर पोर. विषय त्या दिवशी सुचेल तो. फणस कापा बरा की बरका. पावसात छत्री बरी की इरलं. घावन उलटावा की उलटू नये. ओंकारला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा तो 'कापा' या शब्दावरच अडकला. पोरं हसली. तात्या हसले नाहीत, त्यांनी संधी साधली आणि तो अडकलाय तोवर बरक्याची बाजू भराभर मांडून टाकली. ओंकारला इतका राग आला की त्या रागात शब्द सुटला. अडखळणाऱ्यासाठी थांबायचं असतं, असं आपल्याला शिकवलेलं. तात्या थांबायचेच नाहीत. पोराला घाई करावी लागायची आणि घाईत त्याला अडखळायचं विसरायला व्हायचं. हा उपाय कुठल्या डॉक्टरला पटेल असं मला वाटत नाही. पण आज ओंकार बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो. त्याचा आवाज जेटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि मध्ये कुठे अडत नाही.

पालकांच्या तक्रारी आल्या. आमचा पोरगा आता घरातही वाद घालतो, बापाला पुरावा मागतो. तात्या म्हणायचे, घरची भांडणं माझ्याकडे नाय, मी फक्त वाडीची बघतो.

विहिरींचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. वाडीत दोन सार्वजनिक विहिरी, वरची आणि खालची. दोन्ही गाळाने भरलेल्या, कोणी बघत नव्हतं, आणि मे महिन्यात टँकर यायचा. गुरवबुवांशी भांडताना एका पोराने सहज म्हटलं की खालच्या विहिरीचं पाणी गोड. गुरवबुवा वरचे. ते काठी घेऊन बाहेर पडले ते थेट खालच्या आळीतल्या भाटकरांच्या दारात. ह्या दोघांचं कुठल्याशा नारळावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्या दिवशी बोलणं झालं. शेवटी ठरलं की दोन्ही पाणी चाखून बघायचं आणि निकाल लावायचा. पण पाणी चाखायचं तर तळाचं हवं, वरचं हिरवं कोण पिणार? भाटकर म्हणाले, आधी आमची उपसा. गुरवबुवा म्हणाले, आधी आमची. तात्यांनी दोन्हीकडे पोरं उतरवली. आठवडाभर पोरं चिखलात आणि दोन्ही काठांवर म्हातारे खुर्च्या टाकून, एकमेकांच्या विहिरीतून काय निघतं ते बघायला माणसं पाठवत. वरच्या विहिरीतून कळशा, घंगाळ आणि एक शिवणयंत्र निघालं. खालच्या विहिरीतून काहीच निघालं नाही, म्हणून भाटकर दोन दिवस खिन्न होते.

चव घ्यायचा दिवस आला तेव्हा गुरवबुवांना दोन्ही पेल्यांतला फरक कळेना आणि भाटकरांनाही. दोघांनी मिळून पोरांवर आळ घेतला की तुम्ही पेले बदललेत. तिथून ते दोघे एका बाजूला झाले आणि रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर एकत्र बसून पोरांविरुद्ध बोलू लागले. त्या मे महिन्यात टँकर आला आणि भरलेला परत गेला. टँकरवाल्याने खाली उतरून दोन्ही विहिरींत वाकून पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं? भाटकर म्हणाले, वादातून झालं.

आता मी ज्या भागापाशी येऊन इतकी वर्षं थांबत होतो तो भाग.

माझी बायको वारली त्यानंतरच्या पावसाळ्यात तात्या माझ्याकडे आले. म्हणाले, अप्पा, ह्या पोरांवर देखरेख हवी. तुम्ही कचेरीत माणसं हाताळलीत. ओंकार रोज संध्याकाळी येऊन तुम्हाला कुठे काय झालं ते सांगेल, तुम्ही चुका काढा. मी होकार दिला. मला ते योग्यच वाटलं. वाडीत देखरेख करण्यासारखं दुसरं होतं कोण?

ओंकार यायला लागला. बोलायला मोकळा झाला होता आणि फार उद्धट होता. मी म्हणायचो, जे आधी घडलं ते आधी सांग. तो म्हणायचा, नाही काका, शेवटापासून सांगायला हवं, महत्त्वाचं शेवटीच घडतं. त्यावर आमचं वाजायचं. मग चहात आलं की गवती चहा, त्यावर वाजायचं. ऐन रंगात तो उठायचा, क्लास आहे काका म्हणायचा आणि जायचा. मी त्याला दुसऱ्या दिवशी काय सुनवायचं ते जुळवत बसायचो. त्या दिवसांत मी पुन्हा रोज दाढी करायला लागलो होतो. देखरेख करणाऱ्याने नीटनेटकं असायला हवं, असं मी स्वतःला सांगत होतो.

हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी पाऊस उघडला तेव्हा मी काशीआत्याकडे गेलो. सायली नियमाप्रमाणे भांडते का, हे विचारायला, अधिकृतपणे. आत्या सोप्यावर ताक घुसळत होती. माझा प्रश्न ऐकून तिने रवी थांबवली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मेल्या अप्पा, तुझ्याकडे कोण येतो?"

मी म्हटलं, ओंकार. पण मी देखरेखीवर आहे.

"मी पण देखरेखीवर. पोरीला स्वयंपाक येतो का बघ म्हणून मला सांगितलंय. गुरवाला सांगितलंय, पोरांच्या पाठांतरावर लक्ष ठेव. भाटकराला काय सांगितलंय देव जाणे, तो तर टाय लावून बसतो." तिने डोळे पुसले. "सगळी वाडी देखरेखीवर आहे रे. सदू आपल्याला खेळवतोय. मला पहिल्या आठवड्यात कळलं."

मग गप्प का बसलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, बसू नको तर काय करू? कोणीतरी येतंय ना दारात?

तिने हे साधेपणाने सांगितलं होतं. पण मला एकदम दिसलं की मी कोण आहे. गुरव, भाटकर, काशी आणि मी, एकाच रांगेत. पोरांनी ज्याच्यावर दया करून भांडावं असा एक म्हातारा. मला संताप आला, आणि त्या संतापात मी तेच बोललो जे सेवेतल्या सतरा वर्षांच्या पोरांनाही बोलायला बंदी होती. मी म्हणालो, तुझे मुलगे तुला विचारत नाहीत म्हणून तुला लोकांची पोरं लागतात. मला नाही लागत.

ती रवी हातात घेऊन उठली. मी निघालो. पाठीला पाय लावून निघालो असं म्हटलं तरी चालेल. ती मागे पाखाडीवर आली, तोंडाचा पट्टा चालू होता, रवीतलं ताक उडत होतं, आणि वरून तिसऱ्या पायरीवरच्या शेवाळावर तिचा पाय गेला.

मी खाली वळणावर होतो. आवाज ऐकून थांबलो. वर जायला हवं होतं, गेलो नाही. तेवढ्यात बाजूच्या वाटेने सायली आली, तिची भांडायची वेळ झाली होती. तिने आत्याला धरलं आणि हाक मारली. माणसं धावली. त्यांनी काय पाहिलं? पाखाडीवर पडलेली म्हातारी, तिच्या तोंडच्या शिव्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलेली सायली. मला कोणीतरी विचारलं, अप्पा, काय झालं?

मी म्हणालो, "भांडण चाललं होतं."

हे वाक्य अक्षरशः खरं आहे. कचेरीत आयुष्यभर मी अशी वाक्यं तयार केली.

आत्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगे गाडी घेऊन आले आणि तिला मुंबईला घेऊन गेले. ती पुन्हा वाडीत आली नाही. सायली सांगत राहिली की मी नुकतीच पोचले होते. कोणी विश्वास ठेवला नाही, कारण रोज भांडायचं हेच तर तिचं काम होतं. बायका तिच्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. तिच्या आईने तिचं बाहेर पडणं बंद केलं.

श्रावणात देवळात सत्यनारायण झाला. पूजेनंतर मंडळाची सभा बसली आणि चिटणीस म्हणून मी उभा राहिलो. मी सायलीचं नाव घेतलं नाही. मी एवढंच म्हणालो की तरुणांना सेवेच्या नावाखाली उलटून बोलायला शिकवलं जातंय, त्याचा परिणाम आपण पाहिला, आणि हा प्रकार थांबवावा. माना डोलल्या. गुरवबुवांनी तोंड उघडलं होतं, पण सवयीने ते भाटकरांकडे बघून थांबले आणि भाटकर त्यांच्याकडे.

तात्या मागे खांबाला टेकून बसले होते. उठले.

"पोरीला मी पाठवलं. भांड म्हणून मी सांगितलं. पाखाडी निसरडी झालीय काय ते बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाय. जे काय बोलायचं ते मला बोला. तिच्याकडे कोणी वाकडी नजर करायची नाय."

एवढं बोलून ते प्रसादाच्या पातेल्याकडे गेले आणि शिरा वाढायला लागले. सत्यनारायणाचा शिराही त्यांनीच केला होता, अर्थात मूठभर लोकांसाठी बोटीभर. त्या दिवसानंतर वाडीने सायलीला माफ केलं आणि तात्यांना धरलं. ज्यांच्या विहिरी त्यांनी उपसल्या तेच पाणी भरताना म्हणायचे, बोटीवर काय राहिला, डोकं फिरलंय त्याचं. आणि मी रोज तिथूनच पाणी आणत होतो.

सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओंकार दारात उभा. मी म्हणालो, आता बंद झालं ना ते? ठराव झाला.

त्याने चप्पल काढली. "तात्या म्हणाले, सगळ्यांचं बंद. अप्पाकाकांचं चालू ठेव."

मी त्याला हाकलायला हवं होतं. मी त्याला विचारलं, चहात आलं घालू की गवती चहा. तो म्हणाला, आलं. मी गवती चहा घातला. असा तो आणखी कितीतरी वर्षं येत राहिला, लिलावाचं काम लागल्यावरही, अंगाला मासळीचा वास घेऊन.

तात्यांनी मला एका शब्दाने कधी हटकलं नाही. वाटेत भेटले की मांजराविषयी बोलायचे. पोरं पांगली. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. तात्या मात्र बोटीभर शिजवत राहिले आणि उरलेलं संध्याकाळी पऱ्ह्यावर नेऊन माशांना घालत राहिले. आमच्या पऱ्ह्यातले मासे फार लठ्ठ झाले, हे आजही लोक सांगतात, पण का झाले ते सांगत नाहीत. मी माझ्या परीने एक करायचो. पावसाळ्यात सकाळी लवकर, कोणी नसताना, पाखाडीच्या वरच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढायचो. त्याने काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.

सायली शिकायला दापोलीला गेली आणि शेतीचं शिकून तिथेच नोकरीला लागली. बागायतदारांच्या घोळक्यात उभी राहून ती त्यांना तुमचं चुकतंय असं तोंडावर सांगते, आणि ते ऐकतात, असं ओंकार कौतुकाने सांगायचा. तात्यांना एकट्याने चालवेनासं झालं तेव्हा तीच आली. म्हणाली, माझ्याकडे चला. तात्या म्हणाले, येतो, पण तुझ्या घरात मी स्वयंपाक करणार. तिने शेजारच्या मुलांच्या वसतिगृहात आधीच विचारून ठेवलं होतं.

ते जायच्या आदल्या दिवशी मी घर आवरायला मदत म्हणून गेलो. तात्या खुर्च्यांच्या गाठी सोडत होते. त्यांच्या हाताने एका झटक्यात सुटायच्या. मी एका गाठीशी झटत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. तात्या माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

"काशीचा फोन असायचा अधूनमधून, होती तोवर. शेवटी विचारत होती, तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ कोणी काढतं का."

मी गाठ आणखी जोरात ओढली.

"मी म्हटलं, काढतो. दर पावसाळ्यात काढतो. ती म्हणाली, मग ऱ्हाऊ दे." त्यांनी माझ्या हातातली गाठ घेतली आणि सोडली. "चुकीच्या बाजूने ओढताय, अप्पा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दारात टेम्पोवाला आला आणि खुर्च्या मागायला लागला. बरं झालं, असं मला वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. म्हटलं, उद्या स्टँडवर सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर गेलो. ओंकारने तात्यांना दापोलीच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं होतं, तिकडे सायली उतरवून घेणार होती, आणि तो पाण्याची बाटली आणायला गेला होता. मी चष्मा सारखा केला, खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. त्यांच्या तोंडाकडे बघून मला बोलता आलं नसतं, म्हणून खाली बघून, गाडीच्या चाकाकडे बघून बोललो. सगळं बोललो. आत्याला काय म्हणालो ते, वळणावर कसा उभा राहिलो ते, सभेत काय केलं ते, सायलीची माफी मागायचं धाडस झालं नाही तेही. एकदाही अडखळलो नाही. शेवटी म्हणालो, माझ्यामुळे तुमचं नाव गेलं, मला क्षमा करा.

वरून आवाज आला, "असूं दे हो. माणूस आहे, चुकतो."

आवाज तात्यांचा नव्हता. मी वर बघितलं. खिडकीत एक अनोळखी गृहस्थ बसले होते, हातात अर्धं कापलेलं लिंबू. त्यांना घाटात गाडी लागते, म्हणून तात्यांनी आपली जागा त्यांना दिली होती. माझं सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं होतं आणि त्यांचे डोळे पाणावले होते, लिंबामुळे असेल.

मी त्यांना विचारलं, इथे बसले होते ते कुठे गेले? त्यांनी लिंबाने मागे दाखवलं. गाडी सुरू झाली होती. मागच्या काचेतून मला तात्या दिसले, दांडा धरून उभे, पाठमोरे. बसायच्या जागेवरून की कशावरून, ते कंडक्टरशी भांडत होते, आणि कंडक्टरही हातवारे करून उत्तर देत होता. मी हात केला. त्यांना वळायला सवड नव्हती.

त्या हिवाळ्यात दापोलीतच ते वारले. वसतिगृहातल्या मुलांनी खांदा दिला, असं सायलीने फोनवर सांगितलं. तिलाही मी तेव्हा काही सांगितलं नाही, घसा बसलाय म्हटलं. माझी माफी त्या लिंबूवाल्या गृहस्थांकडे आहे. ते कुठे उतरले, हे मी त्या कंडक्टरला विचारलं होतं. त्याला आठवत नव्हतं.